हमणीचा उरलेला अर्धा

“मग खोडू की नको, बाई?”

बाई अळूची देठं सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बाई, मी विचारतोय.”

“ऐकू येतंय. कान शाबूत आहेत माझे.”

“मग?”

“देठं होऊ देत…”

डॉक्टर विश्राम गवस ओटीवर बसले होते. पायांत बूट तसेच. मांडीवर जाडजूड फाइल.

शहरातल्या हर्बेरियमचा तो आता प्रमुख झालाय. हर्बेरियम म्हणजे काय, ते मला बाईंनीच सांगितलेलं. झाडंझुडपं दाबून, वाळवून, कागदावर टाचून ठेवायची कपाटं. कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी. कुठं मिळालं, कधी मिळालं, कुणी काढलं. पुढंमागं कुणी विचारलं, हे झाड कुठं राहायचं, की कपाट उघडून दाखवायचं.

मी म्हटलं होतं, “म्हणजे झाडांचं स्मशानच की.”

बाई म्हणाल्या होत्या, “रहिवासी दाखला म्हण.”

त्या कपाटांत बाईंची उमर गेली. कॉलेजात शिकवायच्या, सुटी लागली की कडेकपाऱ्या हिंडायच्या. निवृत्त झाल्या आणि आमच्या कुंभळवाडीत येऊन राहिल्या, डोंगरावरच्या कातळपठाराच्या, म्हणजे सड्याच्या पायथ्याला. एकट्या. पूर्ण नाव द्वारका पोतनीस. वाडीत ते कुणी घेत नाही. बाई म्हटलं की ह्याच. मी शेजारची. त्यांचं पाणीलावणी, दळणकांडण बघते, आणि त्यांचं बोलणं ऐकते.

विश्रामही आमच्याच वाडीचा. ह्याच सड्यावर गुरं राखलेला. बाईंनी त्याला हेरलं, शहरात नेलं, शिकवलं. बाईंच्या मागून झाडं दाबायच्या पट्ट्यांचं ओझं वाहत तो डोंगर चढला. आता तो बाईंच्या खुर्चीत बसतो. बसेना का. खुर्ची बसायलाच असते.

पण ओटीवर चढताना बूट काढ की बाबा.

मी चहा ठेवला त्याच्यापुढं.

“घे, चाय घे विश्राम.”

“थँक यू, वहिनी. साखर नको होती.”

पूर्वी वयनी म्हणायचा. आमच्या बोलीतलं बोलणं त्याने शहरात कुठं तरी काढून ठेवलं होतं. बूट तेवढे ठेवायचे राहिले.

त्याने फाइल उघडली. आतला कागद दोन्ही हातांनी अलगद काढला. ते मात्र बाईंनी शिकवलं होतं तसंच.

कागदावर हमण होती.

हमण म्हणजे रुईच्या कुळातली. रुईसारखीच तिची शेंग फुटते, रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात. पण रुई कुठल्याही रस्त्याच्या कडेला उभी. हमण आमच्या ह्या कड्यांवरच, जांभ्या दगडाच्या भेगेत. पावसात वीतभर उठते, गवतात गवत होऊन. भाद्रपदात फूल येतं, उभ्या कंदिलासारखं. मग सगळी गडप. खाली मातीत कंद तेवढा राहतो. शिकलेली माणसं तिला कंदीलपुष्प म्हणतात आणि बघायला लांबून येतात.

कागदावरची वाळून तपकिरी झालेली. फूल, पानं, खोड. खाली कंद. कंद अर्धाच. सरळ उभा चिरलेला.

“हे बघा,” विश्राम म्हणाला. “कंद अपूर्ण. कोंब फुटतो तो डोळासुद्धा नाही त्याला. आता सगळे कागद कॉम्प्युटरवर चढतायत. अपूर्ण नमुना चढवायचा नाही, असा नियम झालाय. मूळ, कंद, खोड, पान, फूल. सगळं अख्खं असेल तरच नोंद. नाही तर रद्द.”

“नियम कुणी केला?”

“समितीने.”

“समितीत कोण कोण?”

विश्रामने चहाचा घोट घेतला.

“…मी आहे.”

“मग मी केला म्हण. समिती समिती काय करतोस?”

मला हसू आलं. मी तोंडावर पदर घेतला नाही. कशाला घेऊ?

“बाई, शास्त्र पुढं गेलंय,” तो म्हणाला. “अर्ध्या कंदावरून माप घेता येत नाही. तुमच्या सगळ्या कागदांवर हेच. जिथं कंद, तिथं अर्धा. बाहेरचे लोक येतात, बघतात, हसतात. तुमच्या बाईंना घाई असायची का, म्हणून विचारतात.”

“तू काय सांगतोस?”

“…मी काय सांगणार?”

“तुला माहीत नाही, अर्धा का ते?”

विश्राम फाइलीची दोरी बोटाला गुंडाळत बसला.

बाई देठं सोलत राहिल्या.

आता एका कागदाचंच असतं तर मी मधे पडले नसते. खोडला कागद, गेला कागद. पण गोष्ट सड्याची होती.

कुंभळसडा चिरेखाणीला मागितलाय. चिरे म्हणजे घरं बांधायचे ते जांभ्याचे ठोकळे. सडा कापत कापत खाली जातात. मग तिथं सडा राहत नाही, हौद राहतो. मशीन घाटाच्या तोंडाशी येऊन उभं आहे, ताडपत्री घालून, पाऊस जायची वाट बघत. वरून हर्बेरियमला विचारणा झाली होती, ह्या सड्यावर दुर्मीळ असं काही राहतं का? उत्तर विश्रामच्या सहीने जायचं होतं. आणि कुंभळसड्याच्या नावाचा असा कागद त्या कपाटात एकच. हाच. तो रद्द झाला की सड्यावर काही राहत नाही. काही राहत नाही, की मशीन वर.

“म्हणजे तू खोडलंस की सडा गेला,” मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

“वहिनी, म्हणून तर इथवर आलो. नाही तर तिथंच बसून खोडलं असतं.”

“उपकार झाले.”

“तसं नाही. माझ्याकडे तोड आहे.” त्याने कप बाजूला ठेवला. ताठ बसला. “बाई, सकाळी मी सड्यावर जाऊन आलो. पूर्वेच्या कपारीत एक हमण उभी आहे. फुलावर आहे. ती काढतो. अख्खी, कंदासकट. आजच्या आज दाबतो. पूर्ण नमुना झाला, नियमात बसला. मग मी ठणकावून लिहितो, कुंभळसड्यावर हमण आहे. बघू कुणाची खाण होते ती. एक झाड द्या, अख्खा सडा वाचवून देतो.”

बाईंचे हात थांबले.

“दुसरी दिसली?”

“नाही. सगळा सडा पालथा घातला. पाय पोचेल तिथं एकच आहे.”

“म्हणजे इथं हमण आहे असं लिहायला, इथली हमण काढायची.”

“…तसं म्हटलं तर, हो.”

“आणि चिठ्ठीवर नाव? कुणी काढली म्हणून?”

“काढणाऱ्याचं लिहितात. तुम्हीच शिकवलंत.”

“तुझं.”

“नियम आहे, बाई.”

“फोटो काढ की मेल्या,” मी म्हटलं. “एवढा मोठा फोन आहे खिशात.”

“फोटो चालत नाही, वहिनी. नमुनाच लागतो.”

अळू खाजरं होतं. दोन देठं घ्यावी आणि त्याच्या मानेला चोळावी, असं माझ्या मनात आलं.

मला वाटलं, बाई त्याला आता हाकलणार. पेढ्यांचा पुडा घेऊन आलेल्या खाणवाल्याला त्यांनी अंगणातूनच परत लावलं होतं. पुड्यासकट. आणि वर म्हणाल्या होत्या, “जाताना तुळशीकडून वळसा घालून जा. अंगण नुकतं सारवलंय.”

बाई उठल्या. हात धुतले. कोनाड्यातलं खुरपं घेतलं.

ते विश्रामच्या हातात दिलं.

“चल.”

विश्राम बघतच राहिला.

“…चालेल तुम्हाला?”

“काढायची ना तुला? काढ. मी बघायला येते.”

“बाई!” मी ओरडले.

“तूही चल. आणि विश्राम, तो कागद बरोबर घे. खोडायचाय ना? तिथंच खोड.”

दोन दिवस उघडीप होती. सडा पिवळा झाला होता सोनकीने. दगडावर शेवाळ. बाई अनवाणी, काठी टेकत, एका चालीने चढत होत्या. विश्राम पुढं. एकदा सटकला, सावरला. पुन्हा सटकला.

“बूट काढ,” बाई म्हणाल्या.

“सवय गेलीय, बाई.”

“सवय जात नाही. मधे बूट आलाय.”

त्याने काढले नाहीत. हट्टी. बाईंनीच शिकवलेला, दुसरं काय होणार.

मी मागून चालले होते आणि मनातल्या मनात बाईंना शिव्या घालत होते. इतकी वर्षं सांभाळलं आणि आज खुरपं आपल्या हातांनी दिलं. म्हातारपणी माणूस वाकतं म्हणतात. बाई वाकतील असं मला वाटलं नव्हतं.

पूर्वेच्या कपारीत हमण उभी होती. वीतभर. पात्यांसारखी पानं. शेंड्याला एकच कंदील, हिरवट, आत जांभळी झाक. वारा आला की सगळी हलायची. कंदील मात्र सरळ.

खाली, घाटाच्या तोंडाशी, निळी ताडपत्री दिसत होती.

विश्राम गुडघ्यावर बसला. कागद त्याने बाजूच्या कोरड्या दगडावर ठेवला. वर फाइल दाबली. खुरपं मातीला लावलं.

“थांब जरा,” बाई म्हणाल्या.

माझ्या जिवात जीव आला.

“गुरं राखायचात तेव्हा हमणीचे कंद खायचात ना, तुम्ही पोरं?”

खुरपं थांबलं.

“…खायचो.”

“चव कशी होती?”

“बाई, हे आत्ता काय…”

“चव विचारली.”

“गोडसर. पाणी पाणी. घसा ओला व्हायचा.”

“अख्खा खायचात?”

विश्रामने वर बघितलं नाही.

“नाही. कोयतीने उभा चिरायचो. अर्धा खायचा. डोळा ज्या अर्ध्याला, तो परत मातीत.”

“का?”

“घरातली माणसं सांगायची. डोळा खाल्ला की पुढल्या साली सडा जेवायला घालत नाही.” तो हसला. हसू कसनुसं होतं. “पोरांचं काय, बाई. पुरायचो आणि विसरायचो. मनाचं समाधान. अर्धा चिरलेला कंद, तो काय जगतो?”

“जगत नाही?”

“इतकी वर्षं ह्याच विषयात आहे मी. चिरलेला भाग कुजतो. वर पावसाचं पाणी. नाही जगत.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “काढ मग.”

आणि काठीवर हनुवटी टेकून उभ्या राहिल्या.

विश्रामने खुरपं चालवलं. सुरुवातीला बेतानं, डॉक्टरासारखं. मग खुरपं बाजूला टाकलं आणि बोटं घातली. बोटांना ठाऊक होतं सगळं. भेगेच्या कडेने माती सैल केली, खालून ओंजळ घातली, न ओढता उचलली. मुळी तुटली नाही. पान दुमडलं नाही. कंदील हललासुद्धा नाही.

मी तोंड फिरवलं. मला बघवेना.

मग काहीच आवाज आला नाही.

मी वळले.

विश्राम अंगठ्याने कंदावरची माती पुसत होता. एक बाजू गोल, गरगरीत. त्याने कंद फिरवला. दुसरी बाजू सपाट. वरपासून खालपर्यंत एकसारखी, सुरी फिरवल्यासारखी. त्या सपाटीवर साल धरलेली, जुनी, राखाडी, जखम भरून येते तशी.

डोळा एकच. गोल बाजूच्या माथ्यावर. तिथूनच हमण उठलेली.

“बाई…”

बाईंनी काठीवरून हनुवटी उचलली.

“बाई, ह्यो अर्धोच आसा.”

आमच्या बोलीत बोलला. त्याचं त्याला कळलंही नसेल.

“कागद बघ,” बाई म्हणाल्या.

त्याने एका हाताने फाइल सरकवली. चिठ्ठी वाचली. ती त्याने आधीही वाचली असेल, खोडायच्या आधी वाचतातच. कुंभळसडा. पूर्वेची कपार. भाद्रपद. खाली बाईंचं नाव.

वर्ष त्याने बोटाने झाकलं, की बोट तिथं आपोआप गेलं, मला सांगता येणार नाही.

“हीच कपार,” तो म्हणाला.

“ह्या सड्याला दुसरी पूर्व नाही.”

त्याने हातातला कंद कागदावरच्या कंदाजवळ नेला. सपाट बाजू सपाट बाजूला लावून बघितली. कागदावरचा सुपारीएवढा, सुरकुतलेला. हातातला मुठीत मावेना.

“जुळत नाही…”

“जुळेल कसा? एक तुझ्या कपाटात होता, एक मातीत.”

वारा आला. हमण त्याच्या ओंजळीत हलली.

“हा कुणी चिरला, आठवतं?” बाईंनी विचारलं.

विश्रामने मान खाली घातली.

“मी अख्खा उपटून पिशवीत टाकत होते,” बाई म्हणाल्या. “तेव्हा मलाही अख्खाच पाहिजे असायचा. एका गुराख्याने माझा हात धरला. नाकाला शेंबूड, कमरेला कोयती. मला म्हणतो, बाये, डोळो खंय नेतंस? कोयती काढली, कंद चिरला, माझ्यासमोर अर्धा परत पुरला. मी कॉलेजातली प्रोफेसर. मला ओरडला.”

“…मी ओरडलो नव्हतो.”

“ओरडलास. त्या दिवसापासून माझे सगळे कंद अर्धे. लोक हसतात म्हणतोस ना? हसू देत. मी कुणाला सांगितलं नाही, मला वाटलं, ज्याचं आहे तो सांगेल.”

विश्राम खाली बसला, मातीतच.

मला त्याची दया आली नाही. खरं ते लिहिते. ज्या रिवाजाची लाज धरली तो स्वतःच्याच हातचा निघाला, तर बसेल नाही तर काय करील?

“आता मला एक सांग,” बाई म्हणाल्या. “हातात आहे तो पूर्ण की अपूर्ण?”

त्याने कंद पुन्हा फिरवून बघितला.

“दाबून नेलास, तर नियमात बसतो?”

“…नाही.”

“मग हाही रद्द?”

विश्राम हातातल्या कंदाकडे बघत राहिला. खिशात लाल पेन होतं, खोडायला आणलेलं. टोपण दिसत होतं. त्याने त्याला हात लावला नाही. हातच मोकळा नव्हता.

“सगळ्या सड्यावर एवढंच आहे, विश्राम. आहे ते असं आहे. इथं पूर्ण कुठून आणू तुझ्यासाठी?”

शेवटी तो सरकला. पायानेच एक बूट ढकलून काढला. मग दुसरा. ओणवा झाला. कंद भेगेत बसवला, डोळा वर, सपाट बाजू दगडाकडे.

“वयनी, माती दी.”

मी दिली. खालची दिली, काळी, मुरलेली. वरची भुसभुशीत नाही दिली. राग होता, तरी हमणीवर कशाला काढू?

त्याने बोटांनी माती दाबली. चारी बाजूंनी, सावकाश. कंदील वाकला होता किंचित. त्याने खाली एक खडा सरकवला. सरळ झाला.

मग तो उठला. कागद फाइलीत ठेवला. त्यावर मातीची दोन बोटं उमटली. त्याने ती पुसली नाहीत.

“नोंद राहील,” तो म्हणाला. “कुंभळसडा, हमण, आहे. सही माझी.”

बाईंनी मान हलवली. वाहवा केली नाही. जे करायचं ते केलं, त्यात वाहवा कसली?

खाली घाटात कुणी तरी ताडपत्री ओढत होतं. मशीनवरची. आवाज वरपर्यंत येत होता, फडफड फडफड. विश्रामने तिकडं बघितलं. फाइल काखेत घट्ट धरली.

“पण नियम माझाच आहे, बाई. ते मलाच धरतील. खाणवाले वकील आणतील. समिती म्हणेल, अर्ध्या कंदावर कशी काय सही केलीस? उरलेला अर्धा कुठं आहे, दाखव म्हणतील… काय सांगू त्यांना?”

बाईंनी वाकून खुरपं उचललं. पात्याची माती पदराने पुसली. धार बोटावर बघितली.

“बघायला या म्हणावं. खुरपं इथंच आहे.”